टेकरीवरून आग शोधायची कशी?

उन्हाळ्यातल्या संध्याकाळी इंदूरच्या कुठल्याही गच्चीवर असा संवाद ऐकू येतो.

"काकू, तिकडे धूर दिसतोय बघा."

"कुठे गं?"

"ते काय, पाण्याच्या टाकीच्या उजवीकडे. विजयनगरला काहीतरी पेटलंय."

"छे, विजयनगर कसलं! तो पार बायपासच्या पलीकडचा आहे."

दोघींची नजर चांगली आहे आणि धूरही खरा आहे. तरी दोघींपैकी कुणी १०१ ला फोन लावला, तर पलीकडून पहिला प्रश्न येणार, "आग कुठे लागलीय?" आणि गाडी तिथेच अडणार. धुराची दिशा डोळ्यांना कळते, अंतर कळत नाही. जवळच्या लहान आगीचा धूर आणि लांबच्या मोठ्या आगीचा धूर सारखाच दिसतो. त्यामुळे तो दोन किलोमीटरवर आहे की बारा, हे एका जागी उभं राहून नुसत्या नजरेने सांगणं जवळपास अशक्य.

आगीवर नजर ठेवायला माणसांनी शेकडो वर्षं मनोरे उभारले, टेकड्यांवर खोल्या बांधल्या, तिथे दिवसरात्र माणसं बसवली. उंचावर बसून लांबचं पाहणाऱ्यांचा इतिहास म्हणून हे सगळं सांगितलं जातं. मला विचाराल, तर यातली खरी गंमत पाहण्यात कमी आणि सांगण्यात जास्त आहे. माणसाचे डोळे होते तसेच राहिले. बदलत गेलं ते "कुठे?" या प्रश्नाचं उत्तर देण्याचं साधन.

लाकडाची शहरं

इंदूरकराला आग म्हटलं की राजवाडा आठवतो. त्याच्या सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. तो तीनदा जळला: १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटलं तेव्हा, मग १८३४ मध्ये आणि शेवटी १९८४ च्या दंगलीत. जगातल्या बहुतेक जुन्या शहरांची प्रकृती हीच होती. घरं लाकडाची, गल्ल्या अरुंद आणि घरोघरी चूल. एका घराची आग बघता बघता आळीची व्हायची.

जपानमधल्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, १६५७ मध्ये लागलेल्या आगीने शहराचा निम्म्याहून जास्त भाग खाल्ला. त्यानंतर तिथल्या राज्यकर्त्यांनी आग विझवणारी पथकं उभी केली आणि त्यांच्या ठाण्यांवर टेहळणीचे मनोरे बांधले. पुढे वस्त्यावस्त्यांतही असे मनोरे आले आणि त्यांच्यावर घंटा टांगल्या गेल्या. घंटेची एक भाषाच ठरली. थांबून थांबून टोला पडला तर आग लांब आहे. घंटेच्या आतल्या बाजूने सलग खणखणाट झाला तर आग दाराशी आली आहे, मुलंबाळं घेऊन निघा. म्हणजे लोकांना सर्वांत आधी काय कळायला हवं, याचा विचार त्या ठोक्यांत होता. हे फार शहाणपणाचं.

इस्तंबूलची गोष्ट जराशी विनोदी आहे. तिथे गलाता मनोऱ्यावरून १८ व्या शतकात आगीची टेहळणी सुरू झाली. शहराच्या दुसऱ्या अंगाला बायझिद भागात त्यासाठी वेगळा लाकडी मनोरा बांधला, तर तो आगीतच जळून गेला. शेवटी १८२८ मध्ये दगडाचा, सुमारे ८५ मीटर उंच मनोरा उभा राहिला. तिथला पहारेकरी दिवसा टोपल्या आणि रात्री कंदील टांगून आग कुठल्या बाजूला आहे ते दाखवत असे. हा मनोरा अजून उभा आहे. आता त्याच्यावरचे रंगीत दिवे रात्री हवामान सांगतात: निळा म्हणजे आकाश स्वच्छ, हिरवा म्हणजे पाऊस, पिवळा म्हणजे धुकं आणि लाल म्हणजे बर्फ.

टेकडीवरच्या शहरी मनोऱ्याचा उत्तम नमुना मात्र न्यूयॉर्कमध्ये आहे. १८३५ च्या डिसेंबरात त्या शहराच्या व्यापारी पेठेतल्या शेकडो इमारती दोन दिवसांत गेल्या. थंडी अशी की नदी गोठलेली, बंबाच्या नळ्यांत पाणी थिजलेलं. पुढच्या काळात शहरभर घंटेचे मनोरे आले. लाकडी मनोऱ्यांचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून १८५० च्या दशकापासून ते ओतीव लोखंडाचे बांधले गेले. अशा ११ मनोऱ्यांपैकी एकच आज शिल्लक आहे, हार्लेममधल्या माउंट मॉरिस टेकडीवरचा. सुमारे ७० फुटांच्या खडकाळ टेकडीवर ४७ फुटांचा हा सांगाडा. मधोमध गोल जिना, पोटात भलीमोठी घंटा आणि माथ्यावर पहारेकऱ्याची अष्टकोनी खोली. बांधकाम १८५७ च्या सुमाराला पूर्ण झालं. बांधणारा ज्युलियस क्रोएल. याच गृहस्थाने पुढे पाणबुडी बनवली. उंचावर चढायचं आणि खोल पाण्यात उतरायचं अशी दोन्ही कामं एकाच माणसाने केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

या मनोऱ्याचं काम कसं चाले? शहराचे क्रमांक दिलेले विभाग पाडलेले होते. पहारेकरी दुर्बिणीतून धूर हेरायचा, तो कुठल्या विभागातला आहे ते अनुभवाने ठरवायचा आणि त्या क्रमांकाइतके ठोके द्यायचा. ठोके मोजत बंबवाले निघायचे. पण घंटा फक्त विभाग सांगू शकायची. गल्ली कुठली, घर कुठलं, हे त्या भागात पोचल्यावर धुराच्या मागे धावतच शोधायचं.

मग १८५२ मध्ये बोस्टन शहरात रस्त्याच्या कोपऱ्यांवर तारायंत्राच्या पेट्या बसल्या. आग दिसली की जवळच्या पेटीचा दांडा ओढायचा. प्रत्येक पेटीला स्वतःचा क्रमांक होता आणि आतलं चक्र फिरलं की तोच क्रमांक तारेवरून मुख्य ठाण्यात उमटायचा. पेटीला डोळे नव्हते. तिला फक्त एक गोष्ट यायची, आपण कुठे उभे आहोत ते सांगणं, आणि तेवढं पुरलं. १८७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्येही या पेट्या पसरल्या आणि १८७८ मध्ये हार्लेमच्या मनोऱ्याचं टेहळणीचं काम थांबलं. तरीही तो टिकला, बहुधा बागेतल्या टेकडीची जागा दुसऱ्या कुणाला नको होती म्हणून. २०१५ मध्ये त्याचा भाग न् भाग सुटा करून दुरुस्तीला नेला आणि २०१९ मध्ये पुन्हा जागेवर जोडला.

जंगलात पेटी कुठे लावणार?

शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर पेटी लावता येते, कारण तिथे माणसं राहतात. जंगलात दांडा ओढायला कोण आहे? त्यामुळे शहरातून हद्दपार झालेला पहारेकरी जंगलातल्या टेकडीवर जाऊन बसला आणि तिथे त्याचं काम खऱ्या अर्थाने शास्त्र झालं.

याला एक मोठं निमित्त घडलं. २० आणि २१ ऑगस्ट १९१० या दोन दिवसांत अमेरिकेच्या वायव्य भागात सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं. अंदाज यावा म्हणून सांगतो, हे क्षेत्र आपल्या इंदूर जिल्ह्याच्या तिपटीएवढं होतं. ८० हून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक आग विझवायला गेलेली होती. त्यानंतर तिथल्या वनखात्याने एकच ध्यास घेतला: आग लहान असतानाच सापडली पाहिजे. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत शिखराशिखरावर हजारो ठाणी उभी राहिली. १९३० च्या मंदीत बेरोजगार तरुणांना सरकारने जी कामं दिली, त्यात अशी ठाणी बांधण्याचं कामही होतं.

ठाण्याच्या मधोमध एक यंत्र असायचं. ते विल्यम ऑसबोर्न नावाच्या वनअधिकाऱ्याने १९११ च्या सुमारास तयार केलं आणि त्याच्याच नावाने ओळखलं जातं. दिसायला अगदी साधं. एका तिवईवर त्या परिसराचा गोल नकाशा चिकटवलेला आणि नकाशाच्या बरोबर मध्यावर तुमचं स्वतःचं ठाणं. नकाशाभोवती ३६० अंशांच्या खुणांचं पितळी कडं, गरगर फिरणारं. कड्याच्या एका बाजूला बारीक भोक पाडलेली उभी पट्टी आणि समोरच्या बाजूला एका चौकटीत ताणलेला घोड्याच्या शेपटीचा एक केस. भोकाला डोळा लावायचा, कडं फिरवायचं आणि तो केस धुराच्या बुंध्यावर आला की थांबायचं. मग कड्यावरचा अंश वाचायचा आणि फोनवरून कळवायचा. एवढंच.

बुंध्यावर, शेंड्यावर नाही. धुराचा शेंडा वाऱ्याने किलोमीटरभर वाहत गेलेला असतो. नवशिक्या हमखास तिथेच फसतो.

रालामंडलवर बसून बघू

कागदावर करून पाहिलं की हे लगेच उमजतं. त्यासाठी आपलं रालामंडल घेऊ. माथ्यावर होळकरांचं शिकारघर असलेली इंदूरजवळची ही टेकरी १९८९ पासून अभयारण्य आहे. आगीच्या टेहळणीसाठी ती कुणी बांधली नव्हती, पण उदाहरणाला याहून चांगली जागा नाही.

पहिला प्रश्न, तिथून किती लांबचं दिसेल? पृथ्वी गोल असल्यामुळे नजरेला मर्यादा आहे आणि ती काढायचं सूत्र सोपं आहे. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा आपण किती मीटर उंच आहोत, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ३.५७ ने गुणायचं. येणारा आकडा किलोमीटरमध्ये. रालामंडलचा माथा समुद्रसपाटीपासून ७८२ मीटरवर आहे, शहर साधारण ५५० मीटरवर. फरक २३० मीटरचा धरला तर वर्गमूळ १५ च्या थोडं वर जातं आणि क्षितिज सुमारे ५४ किलोमीटरवर येतं. याच सूत्रात मनोरे नेहमी टेकडीवर का असतात याचं उत्तर आहे. दुप्पट लांबचं बघायचं असेल तर उंची चौपट लागते. चौपट उंच मनोरा बांधण्यापेक्षा आयती टेकडी शोधणं केव्हाही स्वस्त. जिथे टेकडी नाही तिथे माणसं झाडावर चढली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पेम्बर्टन गावाजवळ कारी जातीच्या उंच झाडांच्या शेंड्यांवर टेहळणीच्या खोल्या होत्या आणि वर जायला खोडात ठोकलेल्या खुंट्या.

आता समजा, दक्षिणेला चोरलच्या जंगलातून धूर निघतोय. रालामंडलवरून केस जुळवला तर रेषा साधारण सरळ दक्षिणेकडे जाते. पण त्या रेषेवर आग कुठेही असू शकते: सिमरोलला, घाटात किंवा पार खाली नर्मदेच्या बाजूला. गच्चीवरच्या काकूंची अडचण तीच इथेही आहे.

म्हणून दुसरी टेकडी लागते. महूच्या पलीकडे जानापाव आहे, जिथे चंबळेचा उगम मानतात. तिथे बसलेल्या माणसाला तोच धूर पूर्वेला दिसेल. त्याने आपला अंश कळवला की ठाण्यातला माणूस मोठ्या नकाशावर दोन दोरे ताणतो, एक रालामंडलवरून आणि एक जानापाववरून. दोरे जिथे एकमेकांना छेदतात, तिथे आग. कुणीही अंतर मोजलेलं नाही, तरी जागा सापडली.

यात एक मेख आहे. जानापावच्या ऐवजी देवासच्या टेकरीवर माणूस बसवला तर? देवास रालामंडलच्या उत्तरेला, किंचित पूर्वेकडे. तिथून चोरलकडे जाणारी रेषा रालामंडलच्या रेषेला जवळजवळ चिकटून खाली येते. दोन रेषा इतक्या निमुळत्या कोनात भेटल्या की नेमकं कुठे छेदतात तेच कळेनासं होतं. अंशाची जराशी चूक झाली तरी छेदबिंदू कित्येक किलोमीटर पुढेमागे सरकतो. म्हणून ठाण्यांची जागा ठरवताना फक्त उंची बघून चालत नाही. शेजारच्या ठाण्याशी काटकोनाच्या जवळपास कोन जुळेल अशी टेकडी निवडावी लागते.

चूक किती महागात पडते? एक अंश चुकला तर २० किलोमीटरवर सुमारे ३५० मीटरचा फरक पडतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपग्रहाकडे गेल्यावर लागेल.

अर्थात ५४ किलोमीटर हा कागदावरचा आकडा. मे महिन्यात माळव्याची धूळ आणि लू सुरू झाली की वीस किलोमीटरवरची टेकडीही पुसट होते. मग खरं कसब लागतं. विरळ धूर गडद झाडीसमोर निळसर दिसतो आणि तोच धूर उजळ आकाशासमोर तांबूस. ओलं गवत पेटलं तर पांढरा, टायर किंवा प्लास्टिक जळत असेल तर काळा. शिवाय रोजचे धूर पाठ असावे लागतात. वीटभट्टी कुठली, पीथमपूरच्या कारखान्यांची धुराडी कुठली, गव्हाची कापणी झाल्यावर नरवाई, म्हणजे शेतात उरलेली धाटं, कुठल्या शेतात जाळताहेत. जुन्या पहारेकऱ्याला विचारलं तर तो म्हणेल की त्याचं निम्मं काम 'हा धूर आपला नव्हे' हे ओळखण्याचं आहे. बाकीचं निम्मं, कालपर्यंत इथे नसलेला धूर ओळखण्याचं.

या कामातला माणूसही मजेशीर. अमेरिकेतल्या ठाण्याची नमुनेदार खोली १४ फूट लांब, १४ फूट रुंद, चारही भिंती काचेच्या. अख्ख्या डोंगरातलं सर्वांत उंच ठिकाण म्हणजे वीज पडण्याचीही तीच जागा. म्हणून खोलीत एक स्टूल असे, ज्याच्या पायांना काचेचे बूट बसवलेले. विजांचं वादळ आलं की पहारेकऱ्याने त्या स्टुलावर उभं राहून यंत्र चालवायचं, कारण बहुतेक आगी त्याच वेळी लागणार. पळून जायची सोय नाही आणि खाली उतरायचीही नाही. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियात हॅली डॅगेट ही वनखात्याची पहिली महिला पहारेकरी झाली. बाई एकटी राहील का, घाबरून पळेल का, असल्या शंका तेव्हा काढल्या गेल्या. ती पुढे बरीच वर्षं दर उन्हाळ्यात त्याच शिखरावर जात राहिली.

या व्यवस्थेला यश इतकं मिळालं की त्यातूनच नवी पंचाईत उभी राहिली. १९३५ मध्ये तिथल्या वनखात्याने नियम केला: दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे. लहानसहान आगी विझत गेल्या आणि एरवी जळून जाणारा पालापाचोळा जंगलात साचत गेला. मग जी आग हातातून निसटायची, ती आवरेनाशी व्हायची. काही दशकांनी तो नियम सोडून द्यावा लागला.

बोरीपासून मोबाइलपर्यंत

भारतात जंगलाच्या आगीशी पद्धतशीर लढाई सुरू झाली ती आपल्याच राज्यात, सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात. १८६० च्या दशकात कॅप्टन पिअर्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे आगीपासून संरक्षणाचा प्रयोग केला. त्याचा भर मनोऱ्यापेक्षा जाळरेषांवर होता. जाळरेषा म्हणजे जंगलातून काढलेला रुंद पट्टा. उन्हाळ्याआधी त्यातलं गवत मुद्दाम जाळून टाकायचं, म्हणजे एका बाजूची आग दुसऱ्या बाजूला उडी मारत नाही. आपल्याकडे वनखात्यातली मंडळी तिला सरळ 'फायर लाइन' म्हणतात. आजही जानेवारी-फेब्रुवारीत हे काम चालतं.

आपली आग अमेरिकेतल्या आगीसारखी नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. इथल्या पानगळीच्या जंगलात ती बहुतेक वेळा जमिनीवरूनच सरकते: सागाची वाळलेली पानं, गवत, पाचोळा. ज्वाळा सहसा झाडाच्या शेंड्यापर्यंत जात नाहीत. आणि वीज पडून लागणारी आग विरळा, बहुतेक आगींमागे माणूस असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूच्या झुडपांना नवी पालवी फुटावी म्हणून आग लावतात. कुणाची बिडी पडते, कुणाची नरवाई बांध ओलांडून जंगलात शिरते. मोह वेचणाऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण त्याच्या वर्षाच्या मिळकतीचा एक भाग त्या पाचोळ्यात पडलेला असतो. झाडाखाली जाळी अंथरली तर पाला जाळायची गरजच उरत नाही, आणि हा उपाय शिक्षेपेक्षा जास्त लागू पडेल असं मला वाटतं.

आता उपग्रह. इथे पहारेकऱ्याला मोठा पर्याय मिळाला. हा पर्याय धूर बघत नाही, उष्णता बघतो. प्रत्येक गरम वस्तू अदृश्य किरण बाहेर टाकते. तापलेली जमीन ज्या तरंगलांबीचे किरण मुख्यतः टाकते, त्यापेक्षा पेटलेल्या लाकडाचे किरण बरेच आखूड असतात. उपग्रहातलं यंत्र ४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे किरण मोजतं, जिथे आग जमिनीपेक्षा कित्येक पटींनी उजळ दिसते. त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटर लांब आणि तितकाच रुंद असतो, म्हणजे जवळपास ३५ एकर. आग एवढी मोठी असावी लागते का? नाही. कढीत एकच हिरवी मिरची ठेचून टाकली तरी अख्खी कढी तिखट लागते, तसं त्या ३५ एकरातला एक लहानसा तुकडा पेटला तरी पूर्ण ठिपका वेगळा उठून दिसतो. फक्त मिरची कढईत नेमकी कुठे आहे, ते चवीवरून कळत नाही.

आता तो ३५० मीटरचा आकडा आठवा. पितळी कड्यावर एका अंशाची चूक आणि अब्जावधी रुपयांच्या यंत्राचा एक ठिपका, दोन्हींचा नेमकेपणा २० किलोमीटरवर जवळपास सारखाच पडतो! घोड्याच्या शेपटीच्या केसाबद्दल माझ्या मनात यामुळेच आदर आहे.

उपग्रहाचा खरा फायदा वेगळा आहे. त्याला टेकडी लागत नाही, दुसरा जोडीदार लागत नाही आणि डोंगरामागचं झाकलं जात नाही. अक्षांश-रेखांश थेट मिळतात. सुओमी एनपीपी नावाचा असा उपग्रह २०११ मध्ये अवकाशात गेला, पुढे त्याला भाऊबंद मिळाले. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने आधीच्या पिढीतल्या उपग्रहांच्या मदतीने २००४ पासून राज्यांना आगीच्या सूचना द्यायला सुरुवात केली होती, तेव्हा ठिपका एक किलोमीटरचा होता. २०१७ पासून ३७५ मीटरवाले ठिपकेही येऊ लागले. वनखात्याच्या मोबाइलवर सूचना पाठवण्याच्या कामात मध्य प्रदेश देशातल्या पहिल्या राज्यांपैकी एक. आलेले ठिपके जंगलाच्या हद्दींच्या नकाशावर ठेवतात. शेतातली नरवाई, भट्ट्या, कारखाने त्यातून गाळले जातात आणि उरलेली सूचना त्या त्या बीटच्या, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीच्या, माणसाच्या मोबाइलवर पोचते. जुन्या पहारेकऱ्याचं 'हा धूर आपला नव्हे' हे कामही असं नकाशाकडे गेलं.

पण वेळेची मेख आहेच. हे उपग्रह एका जागेवरून साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला जातात. दुपारी अडीचला लागलेली आणि संध्याकाळी सहाला विझलेली आग त्यांच्या दृष्टीने लागलीच नाही. ढग आले तर खालचं काही दिसत नाही. दाट झाडीखालची सरपटती आग निसटू शकते. आपले इनसॅट मालिकेतले हवामान उपग्रह दर अर्ध्या तासाला चित्र घेतात, पण ते ३६,००० किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांचा उष्णतेचा ठिपका चार किलोमीटरचा, म्हणजे चार हजार एकरांच्या घरातला. तेवढ्यात बीटगार्डने आग शोधायची कुठे?

म्हणून सूचना आल्यावरही शेवटचा टप्पा पायीच असतो. बीटगार्ड किंवा हंगामासाठी नेमलेले फायर वॉचर मोबाइलवरचा बिंदू बघत निघतात, वाटेत धूर आणि वास घेत दिशा सुधारतात. आग सापडली की हिरव्या फांद्यांनी झोडपतात, पाचोळा बाजूला सारून पट्टा मोकळा करतात. आता पाला उडवणारी पाठीवरची ब्लोअर यंत्रंही असतात. मग खरंच आग होती का, किती जळालं, ते परत कळवतात.

दोन उपग्रहफेऱ्यांमधल्या त्या रिकाम्या तासांसाठी जगभर पुन्हा मनोरे उभे राहताहेत. या वेळी माणसाऐवजी कॅमेरा बसतो. कॅलिफोर्नियात डोंगराडोंगरावर असे हजाराहून अधिक कॅमेरे आहेत आणि त्यांच्या चित्रांतला धूर संगणक ओळखतो. आपल्याकडे नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पात २०२४ मध्ये असा फिरता कॅमेरा उंच जागी बसवला गेला. तो सतत गोल फिरतो, आणि धूर दिसला की आपण कुठल्या अंशाला तोंड करून आहोत ते कळवतो. म्हणजे पितळी कड्यावरचा तोच आकडा, आता मोटरने फिरणाऱ्या खांबावरून.

कॅमेरा एकटाच असेल तर अंतराचं कोडं पुन्हा समोर येतं. ते थोडंफार सोडवता येतं. डोंगरदऱ्यांच्या उंचीचा नकाशा संगणकात असतो, कॅमेरा किती खाली झुकला आहे हे माहीत असतं, त्यावरून नजरेची रेषा जमिनीला कुठे टेकते ते काढता येतं. जुन्या ऑसबोर्न यंत्रावरही उभ्या कोनाची पट्टी याचसाठी होती. पण हे जमायला धुराचा बुंधा दिसावा लागतो. चोरलच्या घाटासारखी दरी असेल आणि आग कड्याच्या पलीकडे खाली असेल, तर वर येणारा धूर तेवढा दिसतो, बुंधा झाकलेलाच राहतो. तिथे दुसऱ्या टेकडीवर दुसरा कॅमेरा लावावा लागतो, आणि शक्यतो पहिल्याशी काटकोनात.